आईचा पाळणा, बाबांचे कान

आई बोलायला लागली की बाबा हातातलं काम टाकून तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. "किती ते प्रेम!" म्हणून आम्ही भावंडं चिडवायचो. बाबा इंदूरच्या कापड मिलमध्ये मागावर कामाला होते. मिलला टाळं लागलं, चार वर्षांत आईही गेली. मागे राहिली एक कॅसेट. महूला माहेरी असताना आई चौदा एप्रिलच्या जयंतीला पाळणा म्हणायची, तो बाबांनी घरी टेप केलेला. रोज संध्याकाळी स्टिरिओसमोर मांडी घालून, आवाज फुल्ल करून ते ऐकायचे. शेजारी ओरडायचे, मीही ओरडायचे.

कॅसेट घासत चालली, तेव्हा मी तिचं एमपीथ्री करून घेतलं. सांवेर रोडच्या ऑफिसात कंप्यूटर शिकले होते ना, भलती मिजास! घरच्या कंप्यूटरची वायर स्टिरिओला जोडली, फाईल लावली. बाबांचे डोळे भरले. "वा! शेवटचं कडवं ऐक, काय म्हणते तुझी आई!"

मी स्क्रीनवरचं फाईलचं नाव पाहिलं. घाईत मी बाजारातल्या सीडीवरची फाईल लावली होती. दुसरीच बाई, दुसरंच गाणं.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "बाबा, ही आई नाही."

ते म्हणाले, "मागांच्या खडखडाटात कान गेले गं बेटा. मिलमध्ये आम्ही सगळे ओठ बघूनच बोलायचो. तुझ्या आईचं तोंड दिसायचं, म्हणून समजायचं. आता नुसती गुणगुण येते. तुम्हाला कशाला टेंशन, म्हणून बोललो नाही."

आणि मी या माणसावर आवाजावरून खेकसत होते! फार लाज वाटली.

आईची फाईल लावली. स्क्रीनवरच्या इक्वलायझरमध्ये जाड आवाज खाली आणले, बारीक आवाज एकेक करून चढवत गेले. माझ्या तर कानात टोचत होतं. मी मानेनंच विचारायचे, येतंय का? "नाही गं." अजून वर. "नाही." अजून थोडं. बाबांनी एकदम हात वर केला.

पाळणा संपला आणि टेपवरची आई करवादली, "झालं ना? बंद करा आता ते, पोळी करपतेय माझी!"

बाबा खो खो हसले, हसता हसता रडायला लागले. मी पाळणा पुन्हा लावला. या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले. आई बोलताना डोळे मिटलेले बाबा मी तोवर कधी पाहिले नव्हते.