शैलाताईंची ओसरी आणि आमची लाज

डॉ. शैलाताई टेंभुर्णे यांची आणि माझी ओळख एका बंद पडलेल्या यंत्रामुळे झाली. मी इथे चंदीगडच्या एका वैद्यकीय संस्थेच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीचं काम करायचो. शिक्षण सातवी, तेही कराडला. बाकीचं सगळं स्क्रू पिळता पिळता आलं. ताई भंडाऱ्याहून प्रयोगशाळेत नव्यानेच रुजू झाल्या होत्या आणि भांडी निर्जंतुक करायचं त्यांचं यंत्र रुसून बसलं होतं. इतर डॉक्टर चिठ्ठी पाठवत. ताई स्वतः आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “मिस्त्री, नुसतं दुरुस्त करून देऊ नका जी. कसं उघडायचं ते दाखवा. जे मला उघडता येत नाही, ते माझं कसं म्हणू?”

तेव्हा मला हसू आलं होतं. आता ते वाक्य आठवलं की संताप होतो, आणि तो ताईंवर नाही.

ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात गोड बोलायचं असतं हे मला कळतं. पण पोटात निखारा ठेवून मला शाल-श्रीफळाचं कौतुक करता येणार नाही. संपादकांना कात्री लावायची असेल तर त्यांनी लेख खुशाल परत करावा.

आपल्या इथल्या मराठी मंडळाचं एका बड्या कंपनीच्या समाजमाध्यमावर खातं होतं, हे जुन्यांना आठवत असेल. महाराष्ट्रातून उपचारांसाठी कुणी चंदीगडला आलं की त्यावर निरोप पडायचा, आणि जो जवळ राहत असेल तो डबा घेऊन निघायचा. रक्तदात्यांची यादी तिथेच, गणपतीचे फोटो तिथेच, गेलेल्या माणसांच्या आठवणीही तिथेच. अकरा वर्षांचा संसार आपण दुसऱ्याच्या घरात मांडला होता.

एके दिवशी सकाळी कंपनीने खातेदाराची जन्मतारीख मागितली. तेव्हा मी मंडळाचा चिटणीस होतो. मी मोठ्या अभिमानाने मंडळ स्थापन झालं ती तारीख भरली. मंडळाचा जन्म तोच ना! कंपनीच्या यंत्राने हिशेब केला: खातेदार अकरा वर्षांचं मूल आहे, आणि इतक्या लहान मुलांना तिथे मज्जाव. दार धाडकन बंद!

नेमकं त्याच दिवशी परभणीच्या सागरबाईंचे यजमान सेक्टर बत्तीसच्या रुग्णालयात दाखल होते. दुपारच्या शस्त्रक्रियेसाठी दोन रक्तदाते हवे होते, आणि तो निरोपही त्या दाराआड, यादीही त्या दाराआड. मी सागरबाईंसमोर उभा राहून बंद खातं पुन्हा पुन्हा उघडू पाहत होतो. ताईंनी मला एका शब्दाने विचारलं नाही की हे कुणी केलं. रिक्षा केली, आठवतील ती घरं गाठली. मोहालीच्या एका सोसायटीत पहारेकरी आत सोडेना, तर फाटकातूनच मराठीत हाका मारल्या. नोकरीसाठी तिथे राहणारी दोन मराठी पोरं चपला न घालता खाली आली. रक्त वेळेवर पोचलं. सागरबाईंचे यजमान आज परभणीत नातू खेळवतात.

कंपनीला आम्ही विनवण्या लिहिल्या. दर वेळी उत्तर तेच, शब्दाला शब्द. “तिकडे माणूस नाहीच का हो?” असं ताईंनी एकदाच विचारलं. माणूस असेल, पण तो तुमच्या-माझ्यासाठी बसवलेला नाही. आपण बोलायचं, भांडायचं, रडायचं, त्याच्या मधे मधे त्यांनी जाहिराती वाढायच्या; आणि नको झालो की पंगतीतून उठवायचं. अकरा वर्षांतला एक फोटो परत मिळाला नाही. माझ्या थोरल्या भावाला मंडळाने वाहिलेली श्रद्धांजलीही त्यात गेली.

मंडळाच्या सभेत विचारणा झाली, “ती तारीख कुणी भरली?” माझी मान खाली. ताई उठल्या आणि म्हणाल्या, “आम्ही दोघांनी मिळून.” त्या खोटं बोलल्या. माझ्या माहितीत, आयुष्यात तेवढंच.

मग सत्तरीला टेकलेल्या या बाईंनी स्वतःच्या अभ्यासिकेत एक जुना संगणक मांडला आणि पुस्तकं, चुका, शिव्या (त्या माझ्या) यांच्या जोरावर आपलं स्वतःचं जाळं उभं केलं. त्याचं नाव ‘ओसरी’. अशा ओसऱ्या जगात पुष्कळ आहेत म्हणे. प्रत्येकीचा मालक वेगळा, तरी एकीवर बोललेलं दुसरीवर ऐकू येतं. एका गावच्या टपालातून दुसऱ्या गावी पत्र जावं तसं. नागपूरच्या ओसरीवरचा माणूस आपल्याशी बोलतो, आणि मधे कुणी साहेब नाही. दर रविवारी दुपारी ताई सगळ्या मजकुराची प्रत काढून ठेवतात. शेजारी बसवून मलाही त्यांनी ते शिकवलं.

ओसरी संथ आहे, हे कबूल. एका दिवाळीत खारीने तार कुरतडली आणि आपल्या शुभेच्छा भाऊबीजेला पोचल्या. मोहालीच्या नॉलेज सिटीत नोकरी करणारे आपले एक सभासद तर तोंडावर म्हणाले, “ताई, यार, पक्का चांगलं काम आहे, पण तिथे बघतं कोण?”

“ज्याला रक्त हवं असतं तो बघतो जी,” ताई म्हणाल्या.

आता रागाचं कारण सांगतो. ताईंचा पंचाहत्तरीचा सोहळा त्याच कंपनीच्या माध्यमावर थेट दाखवायचा, असं आपल्या समितीने ठरवलं आहे. मंडळाने तिथे पुन्हा खातं उघडलं आहे! शिवाय सोहळ्यानंतर ओसरी बंद करायची, कारण “ताईंना आता झेपणार नाही.” अहो, ज्यांनी सत्कार करायचा त्यांनीच ज्यांचा सत्कार त्यांचं घर मोडायचं? हार गळ्यात घालायचा आणि कुलूप दाराला? ताईंना झेपत नसेल तर भार उचलायला आपण आहोत ना, की आपले हात फक्त टाळ्यांसाठी आहेत?

हे ताईंच्या कानावर गेलं तेव्हा मी तणतणत होतो. त्या हसल्या. “मिस्त्री, राग राहू द्या. तुम्हाला उघडता येतं का, तेवढं सांगा.”

येतं, ताई. काल मी तुमच्या मदतीशिवाय ओसरी बंद केली, उघडली, प्रत काढली. वेळ लागतो, पण जमतं. म्हणून या ग्रंथातून समितीला कळवतो: ओसरी बंद होणार नाही. रविवार माझा. बाकीचे सहा वार मोकळे आहेत. ज्यांनी ठरावाला हात वर केले त्यांनी तेच हात घेऊन यावं. कसं उघडायचं ते मी दाखवीन.

आणि ताई, आपण शंभरी पाहा. डोळे, गुडघे, आवाज सगळं शाबूत राहो. पण इतक्या वर्षांनंतर येत्या रविवारी दुपारी आपण निवांत झोप काढावी. ओसरीवर कुणी हाक मारली, तर मी जागा आहे.