पोलीस येणार आहे, खरं सांगा

आमच्या भूशास्त्र विभागात विद्यार्थ्यांच्या परदेश प्रवासाच्या अनुदानाचं काम माझ्याकडे आहे. कोणाला अनुदान मिळालं की मी एक यादी हातात देते: पासपोर्ट, व्हिसा, विमा, परिषदेतलं पोस्टर ठेवायची नळी, लोकरीचे हातमोजे. पहिली ओळ दरवर्षी तीच असते आणि मुलं दरवर्षी तिला हसतात. ‘शेजाऱ्यांना सांगून ठेवणे: पोलीस येणार आहे, खरं सांगा.’

शिकत असताना मलाही असं अनुदान मिळालं होतं, आइसलँडमधल्या एका परिषदेसाठी. सोलापूरचा काळा दगड म्हणजे फार पूर्वी थंड झालेला लाव्हा, हे मी पाठ करून मार्क मिळवले होते. तिकडे तो ताजा असतो, काही ठिकाणी हाताला अजून गरम लागतो, असं आमचे सर सांगायचे. मला त्या दगडाला हात लावायचा होता. बाकी परिषद वगैरे ठीक.

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते, आई विडी कारखान्यात, वडील यंत्रमागावर. आमच्या विणकरांच्या चाळीत पोलिसाने ज्याचं नाव विचारलं तो माणूस तिथे राहतच नाही, अशी रीत होती. शेजारच्या तेलुगू अक्कांनी ती चोख पाळली. संध्याकाळी त्या ऐटीत आमच्या दारात आल्या.

“पोरीला धरायला आला होता की! म्हटलं, असली पोरगी हितं न्हाय, कवाच भिवंडीला गेली. घालवला बघ!”

आई त्यांना काय बोलणार? त्यांनी तर मला वाचवलं होतं.

चौकशीचा शेरा उलटा गेला. पुन्हा अर्ज, पुन्हा हेलपाटे. पासपोर्ट आला तोवर परिषदेची तारीख उलटून गेली होती आणि माझ्या जागी दुसरा मुलगा जाऊनही आला होता. अक्का पुढे कितीतरी दिवस मला पाहिलं की पदर सावरत आत जायच्या. एकदाच म्हणाल्या, “तेवढं आधी सांगायचं न्हाय का गं?”

नंतर मी इथेच शिकवायला लागले. शिक्षकांसाठी योजना निघाल्या. कधी वयाची अट आडवी आली, कधी परीक्षेचं काम. पासपोर्टची मुदत संपते, मी नवा करून घेते. त्यावर एकही शिक्का नाही.

यंदा कर्नाटकच्या सीमेजवळच्या दुधनीच्या एका मुलीला अनुदान मिळालं. आइसलँडचंच. तिला यादी दिली आणि पहिल्या ओळीसाठी मी स्वतः दुधनीला गेले. मुलगी लाजून म्हणत होती, “मॅडम, मी सांगते की घरी.” मी ऐकलं नाही. गल्लीतल्या बायका तिच्या ओट्यावर जमल्या.

“पोलिसाला खरं सांगायचं?” एक म्हातारी म्हणाली. “आजवर कदी सांगितलं न्हाय बाई, जमंल का?”

“तुला न्हाय जमायचं, तू आत बस,” दुसरीने तिला गप्प केलं.

मुलीची आई मात्र गंभीर होती. “व्हय री मॅडम, सांगतो की. समद्यांना सांगतो.” घरी कन्नड बोलणारी ती बाई माझ्यासाठी जपून मराठी बोलत होती.

हवालदार आला तेव्हा म्हणे अख्खी गल्ली त्याला घर दाखवायला निघाली. त्या म्हातारीनेच त्याला चहा पाजला आणि वर सांगितलं, “लई गुणाची पोरगी हाय, लवकर सोडा तिला.” पासपोर्ट वेळेत आला.

मागच्या आठवड्यात दुपारी विभागात बसले होते. मुलीचा फोन आला. तिकडच्या लोकांनी त्यांना लाव्हा थिजलेल्या माळावर नेलं होतं. फोनमध्ये वारा घोंघावत होता.

“मॅडम, हात लावलाय.”

“हातमोजा काढून?”

“व्हय, काढलाय.”

“गरम आहे?”

“लई न्हाय. सांजच्याला आपल्या गच्चीची फरशी असती की, तेवढा.”

मला पुढचं विचारायचं होतं: नमुने, फोटो, पोस्टर कसं झालं. काहीच आठवेना. नुसता वारा.

“मॅडम, अजून ठेवू हात?”

“ठेव,” मी म्हणाले.