वांदरी, पाकट आणि मुन्नाचं जाळं

हं, तर काल आपण वांदरीपाशी थांबलो होतो. नवेगाव बांधच्या नंदाबाईच्या घरावर ती बसली होती, मेलेलं पिलू छातीशी धरून. टोळी केव्हाच मोहाच्या झाडांकडे निघून गेली, पण ही छपराच्या कवेलूंवरून हलेना. आता तर वासही सुटला होता. शेजारची पार्वताबाई अंगणातून ओरडली, "अवं नंदे, हाकल न तिले! काऊन बसवून ठेवली?"

नंदाबाईने हाकललं नाही. ती आत बसली होती, पोराचं, मुन्नाचं, जाळं मांडीवर घेऊन.

ही मासेमार ढिवराघरची बाई आधी कशी होती म्हणता! बाजारात टोपलं मांडलं की गिऱ्हाइकाशी भांडायची आणि त्यालाच हसवायची. "साहेब, मासा जित्ता आहे. भाव पाडला तर त्याले राग येईल!" मुन्नाला लहानपणी बांधाच्या पाण्यात तिनेच उतरवलं. शिंगी मासा कसा धरायचा, तेही तिनेच शिकवलं. शिंगीचा विषारी काटा डोक्यामागे असतो. "डोस्क्याकडं हात नेऊ नको रे, शेपटीकडून धर."

मुन्ना मोठा झाला आणि रत्नागिरीला बोटीवर कामाला गेला. तिथून त्याने व्हिडिओ धाडला. सुपासारखा चपटा मासा, पाकट नावाचा. बोटीवर पडल्या पडल्याच ते पाकट व्यालं. मुन्नाने पिल्लं ओंजळीने समुद्रात सोडली, तर ती मागे न बघता पोहत गेली. नंदाबाई तेव्हा पोट धरून हसली होती. "कशी रे ही माय? आपली वांदरी बरी!"

पुढच्याच खेपेला एक थोराड पाकट जाळ्यात तडफडत होतं. मुन्नाने झटकन शेपटी धरली. पाकटाचा काटा शेपटीतच असतो. तो पोटात घुसला, आणि किनारा फार लांब होता.

गावी राखच आली.

आज नवरा, दुधराम, जाळं मागायला आला. त्याचं स्वतःचं जाळं पार फाटलं होतं.

"दे आता, मुन्नाची माय. त्या वांदरीसारखी कायले कवटाळून बसून राहिली? ते पाकट पाह्य. पिल्लं जाते, माय आपल्या रस्त्यानं जाते. तसंच राहा लागते."

नंदाबाईने जाळं आणखी जवळ ओढलं.

"पाकटाचं पिलू आपला काटा घेऊनच जन्मते, मुन्नाचे बाबा. त्याले माय नसली तरी चालते. वांदरीचं पिलू काय घेऊन येते? मायले धराले दोन मुठी. माह्या पोरानं मी सांगतलं तेच धरलं."