उपासाच्या बशीतले बाराशे

ह्यांना साखर निघाली तेव्हा आम्ही वाशीला राहायला येऊन वर्षही झालं नव्हतं. हे रबाळ्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. दिवसभर बोर्डावर वाकून यंत्रांची चित्रं काढायची, रेघ केसभर जरी हलली तरी कागद फुकट, असलं काम. डॉक्टर म्हणाले, "साखर आटोक्यात ठेवली नाही तर डोळे जातील. दिवसाला दीड हजार कॅलरीज. वर एक घास नाही." डोळे गेले तर चूल विझली. दुसरं कोण मिळवत होतं आमच्यात?

घरचं खाणं मी मापात आणलं. पोळ्या एका आकाराच्या, तेल चमच्याने, भात वाटीने. पण हॉटेलचं काय? डॉक्टरांच्या तक्त्यात हॉटेलातला एक पदार्थ असेल तर शपथ. विचारलं तर म्हणाले, "अंदाज घ्या." घ्या! डालड्याचा डबा भटारखान्यात आणि मी बाहेर बाकावर. अंदाज कशाचा घेणार, कपाळाचा?

तरी एरवी हे हॉटेलात शहाण्यासारखे वागायचे. चहा बिनसाखरेचा, बटाटावड्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. बरोबरचे लोक चिडवायचे, "काय, वहिनींचा हुकूम वाटतं?" घोडं अडलं ते उपासाला. संकष्टी आली की कंपनीच्या बसमधून उतरून हे सरळ डेपोजवळच्या हॉटेलात. साबुदाण्याची खिचडी, वर पियूषचा ग्लास. मी विचारलं, "आजचे किती झाले?" तर म्हणाले, "आज कसले? आज उपास आहे." खोटं बोलत नव्हते हो, त्यांना खरंच तसं वाटत होतं. जेवलोच नाही तर मोजायचं काय! सासूबाईंनी वर पुस्ती जोडली, "उपासाचं बाधत नाही गं. देवाचं असतं ते."

मला राहवेना. पुढच्या संकष्टीला दुपारी मी स्वतःच त्या हॉटेलात जाऊन बसले. एकटी बाई बघून मालकांनी फॅमिली रूमकडे बोट केलं. खिचडीची बशी मागवली, अर्धी खाल्ली, अर्धी डब्यात घालून घरी आणली. दुसऱ्या दिवशी तशीच करायला घेतली. एक चमचा तूप घातलं, कोरडी ठक्क. आणखी घातलं, तरी ती चव नाही, तो तुकतुकीतपणा नाही. घालत गेले, घालत गेले. हॉटेलच्यासारखी चमक आली तेव्हा तुपाची वाटी तळाला गेली होती. दाण्याचं कूटही मुठीने नाही, वाटीने लागलं.

मग लागला तेवढा सगळा माल कच्चाच एका ताटात मांडला. साबुदाणा, कूट, बटाटा, तुपाचा गोळा, पियूषमधल्या साखरेचा ढीग. तक्त्यावरून बेरीज केली. दीड हजारातले बाराशे एका बैठकीत! हे कामावरून आले तसं ताट पुढ्यात ठेवलं. म्हटलं, "हे खाता तुम्ही. आणि रात्री उपास सोडायला परत पान भरून जेवता."

ताटाकडे बघत राहिले. क्षणभर वाटलं, पटलं. मग हसले. "अगं, देवाच्या नावाने खाल्लेलं तू वाण्यासारखं तोलतेस?" सासूबाई म्हणाल्या, "असलं काही करू नये, पाप लागतं." पाप मला! अंगाचा नुसता तिळपापड झाला. हॉटेलच्या मालकांनाही जाऊन सांगितलं, ह्यांना खिचडी देत जाऊ नका. ते म्हणाले, "ताई, उपासाच्या माणसाला नाय कसं म्हणू? धंदा करतो, पण एवढं पाप नको."

म्हणजे पापाची भीती सगळ्यांनाच होती. साखरेची तेवढी कोणालाच नाही.

पुढे बोर्डावरच्या रेघा ह्यांना फुटक्या दिसायला लागल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून पाहिलं, पडद्यावर रक्त उतरलं होतं. म्हटलं, आता तरी शुद्धीवर येतील. कसलं काय! सासूबाईंनी नवस बोलला, डोळे राहू देत, माझा लेक मंगळवारही करील. केला. महिन्याची खिचडी आठवड्यावर आली. डोळे राहावेत म्हणून हा माणूस दर मंगळवारी तेच खात होता ज्याने डोळे जाणार होते. मी ओरडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, "किती श्रद्धा हो तुमच्या मिस्टरांची!" श्रद्धा! आग लागो त्या खिचडीला.

आधी उजवा गेला, मग डावा. कंपनीने नारळ दिला. मी घरात शिकवण्या सुरू केल्या. ह्यांचं एकट्याने हॉटेलात जाणं संपलं. आता पोटात जाणारा घास न् घास माझ्या हातचा होता. हिशेब बरोबर यायला लागला, तो असा.

मंगळवार सुटला, पण संकष्टी सोडायला हे तयार नव्हते. दिसेनासं झाल्यावरच्या पहिल्याच संकष्टीला मी पानं वाढली, तर हे भिंत चाचपत गॅलरीत गेले. चंद्राचं दर्शन झाल्याशिवाय जेवायचं नाही, हा त्यांचा नेम. मीही मागोमाग गेले.

"उगवला का गं?"

डोंगरावर चांगला लख्ख आला होता. मी म्हटलं, "हो."

त्यांनी डोळे मिटून, मान लववून हात जोडले, शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीला. मी खांद्यांना धरून त्यांना चंद्राकडे वळवलं.