वस्तीतला पहिला नळ

सोलापूर शहराची हद्द जिथे संपत असे, त्या बाभळीच्या रानात पत्र्याचे पहिले घर माझे. शिक्षण सातवीपर्यंतच झाले असले, तरी कचेरीसमोर टेबल टाकून मी वकिलांनाही न सुचणारे अर्ज लिहिलेले आहेत. ही वस्ती माझ्या अर्जांवर उभी राहिली, हे मी विनासंकोच नमूद करतो. पाणी मात्र माझ्या पत्नीने आणले. लांबच्या विहिरीवरून, डोक्यावर घागर घेऊन. काळ्या चिखलात चपला रुतत म्हणून अनवाणी. पुढे जो कोणी पाया खणायला आला, त्याच्या बायकामुलांना तिनेच पाणी पाजले.

यंदा वस्तीत नळ आला. पहिली तोटी तिने उघडावी, एवढीच माझी मागणी होती. वस्तीच्या मंडळाचा तरुण अध्यक्ष घरी आला.

"काका, नगरसेवकांच्या मॅडम येणार हायत. काकूंनी फक्त तांब्याची घागर द्यावी, पूजेला. फोटोत झ्याक दिसती."

"घागर चालते आणि घागरवाली चालत नाही?"

"आता ह्याचाबी अर्ज लिवा की!" तो हसला. सोबतचे दोघेही हसले. पत्नीने घागर चिंचेने घासून त्यांच्या हाती दिली.

समारंभात तिला शेवटच्या रांगेत बसवलेले पाहिले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मॅडमचा हात तोटीवर होता. मी पुढे होऊन हार घातलेली घागर नळाखालून उचलली. त्याच क्षणी तोटी उघडली आणि पाणी थेट त्यांच्या जरीच्या साडीवर उडाले. एकच गलका झाला.

पत्नी उठून आली. ती माझी बाजू घेईल, अशी माझी खात्री होती.

"अवो, पाहुणीला भिजवत्यात व्हय?" तिने घागर माझ्याकडून काढून घेतली, नळाखाली धरून भरली आणि तिच्यातून पेला भरून मॅडमपुढे धरला. "घ्या बाई. लई ऊन हाय."

मॅडम प्यायल्या. टाळ्या वाजल्या. तिने दुसरा पेला माझ्यापुढे केला. मी तो घेतला नाही.

चौकातल्या संगमरवरी पाटीवर मॅडमचे नाव कोरलेले आहे. आमच्या दारातही आता नळ आहे. पत्नी त्याचे पाणी भरते, आल्यागेल्याला देते. मी माझ्यापुरता जार विकत आणतो.