तपासणीपुरते पाळणाघर

धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात नूतन बाटल्यांवर लेबले चिकटवीत असे. अष्टमी गावाहून कुंडलिका नदीचा पूल ओलांडून ती रोज कामावर येई. पाच महिन्यांची ऋतुजा सासूजवळ, काशीबाईजवळ राही. दुपार कलेपर्यंत नूतनची छाती दुधाने ठणकू लागे. मग संडासात, फिनेलच्या दर्पात, भिंतीकडे तोंड करून ती दूध पिळून टाकी. लेकराचे दूध मोरीत वाहताना तिला शिसारी येई. दुधाची नव्हे, त्या जागेची आणि बाईला तेवढी जागा पुरे मानणाऱ्यांची.

कारखान्यात पाळणाघर होते, म्हणजे दारावर पाटी होती. आत रिकामी खोकी रचलेली असत. १९९४च्या पौषात सरकारी तपासणी ठरली, तशी खोकी हलली, भिंतीवर ससे उमटले आणि सुपरवायझर हरेश पाळीवर येऊन म्हणाला, "तान्ही पोरं असतील त्यांनी उद्या आणा. पण रडकी नकोत."

घरी नूतनने हे सांगितले. 'रडकी नकोत' म्हणाला ना, हे काशीबाईने दोनदा विचारून घेतले.

दुसऱ्या दिवशी नव्या पाळण्यात ऋतुजा निपचित पडून होती. तपासणीला आलेले साहेब वाकून म्हणाले, "गुणी आहे हो बाळ."

"आमच्याकडे करमतं मुलांना, साहेब," हरेशने हसून सांगितले.

ते पुढच्या खात्यात गेले. नूतनने मुलीला पाजायला घेतले. ओठांत गेलेले दूध तसेच ओघळले. शेजारी काम करणाऱ्या धोंडुबाईने पोरीची पापणी वर करून पाहिली; बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

"अफू कोणी चाटवली गो हिला?"

नूतन मुलीला घेऊन धावली. दारात हरेश आडवा आला. "साहेब गाडीत बसेपर्यंत थांब. काय म्हणतील ते?"

त्याला ढकलून ती बाहेर पडली. रुग्णालयात डॉक्टरांनी आधी मूल शुद्धीवर आणले, मग आईला झापले. मुलाला कोणी काय देते हे आईला कळू नये? मूल कुठे ठेवून ती कामाला जाते, हे मात्र त्यांनी विचारले नाही.

"मीच दिली," काशीबाई घरी म्हणाली. "रोजच देतंय वाईच. वालाच्या शेतात मजुरीला जायचं, तर बांधावर हिला कोण बघील? तुझ्या नवऱ्यालापण अशीच निजवलेली. आज जास्त दिली. पोर रडली असती तर तुझी नोकरी गेली असती."

नूतनला तिच्यावर ओरडताही येईना. एक बाई शेतात, एक कारखान्यात. दोघींच्या घामावर चालणाऱ्या जगाला त्यांचे मूल फक्त बेशुद्ध असेल तरच चालत होते.

चार दिवसांनी मूल कडेवर घेऊन ती फाटकाशी आली. पहारेकरी पोपट पुढे झाला.

"पोर आत नाय न्यायची."

"त्या दिवशी नेली की."

"त्या दिवशी साहेब यायचा होता. आता खोलीत खोकी हायत. सासूपाशी ठेव जा."

"नाही ठेवणार."

नूतन सरकत्या फाटकाच्या रुळावर बसली आणि पदराआड मुलीला पाजू लागली. पाळी सुरू झाल्याचा भोंगा झाला. कामगार तिला वळसा घालून, मान फिरवून आत गेले. काही बायाही गेल्या. पोपटने फाटक ओढले, ते तिच्या गुडघ्याशी येऊन थांबले. धोंडुबाई थबकली, काहीतरी पुटपुटली आणि डबा खाली ठेवून नूतनच्या शेजारी बसली.