सिंहासनाखालचा आवाज

आमच्या मराठीच्या सरांनी माझ्या मित्राला फसवलं. शाळेच्या संमेलनाच्या आठवड्यात, भरल्या मांडवात फसवलं, आणि मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी कापसाचा अडत्या आहे. फसवणूक काय असते ते मला कुणी शिकवायची गरज नाही. वजनात, ओलीत, प्रतीत, सगळीकडे ती होते. ती मी रोज पकडतो आणि पकडली की समोरच्याला चार माणसांत उभा करतो. माझ्या तोंडाला वर्ध्याच्या बाजारात लोक भितात, ते उगाच नाही. पण ही एक पकडूनही हातातून सुटली.

आमचं गाव धाम नदीच्या काठावर, पवनारपासून गाडीवाटेनं वर. हायस्कूल शेजारच्या मोठ्या गावात, सरकी काढायच्या कारखान्याच्या, म्हणजे जिनाच्या, पलीकडे. मी आणि तो मित्र पायी जायचो. माझे वडील कापसाच्या बाजारात मापारी होते. त्याला वडील नव्हते. आई दुसऱ्याच्या वावरात वेचणीला जायची. तो अंगानं काटकुळा होता, अभ्यासात मधला, आणि गळा असा की नदीच्या उतारावर तो गायला लागला की कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवायच्या. शाळेत मात्र त्याला कुणी गायला सांगितलं नव्हतं. स्वागतगीताला नेहमी चांगले कपडे असलेली मुलं उभी राहायची.

संमेलनाचा आठवडा थंडीत यायचा, रस्त्यावर कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली असताना. सोमवारी हुतुतू आणि खो-खो. मग टकळीवर सूतकताई. त्या स्पर्धेत सारं पटांगण इतकं गप्प व्हायचं की टकळ्या फिरलेल्या ऐकू यायच्या. मग वक्तृत्व, मराठीत आणि हिंदीतही, कारण तेव्हा आपला जिल्हा मध्यप्रदेशात होता. शनिवारी नाटक, रविवारी बक्षीस समारंभ.

त्या वर्षीच्या नाटकात राजपुत्राचं काम जिनवाल्या शेटजींच्या मुलाकडे होतं. मांडव शेटजींचा, गॅसबत्त्या शेटजींच्या, लाउडस्पीकरही त्यांनीच वर्ध्याहून आणवलेला. पोरगा दिसायला खरंच राजपुत्र होता. पण ऐन त्याच आठवड्यात त्याचा आवाज फुटला. तालमीत गाणं सुरू केलं की गळ्यातून फाटक्या पत्र्यासारखा आवाज निघायचा. पोशाख नागपुरात त्याच्या मापाचा शिवून आलेला. त्याला काढायची हिंमत कुणाची नव्हती. तेव्हा आमच्या सरांनी, नाटक तेच बसवत होते, माझ्या मित्राला बोलावलं. मीही मागून गेलो.

सर म्हणाले, "तू सिंहासनाखाली बसून गायचंस. तो वर ओठ हलवील. जमेल?"

"हो सर," हा लगेच म्हणाला.

"थांबा सर," मी म्हटलं. "त्याले काय भेटन?"

सर हसले. "अरे, गायला मिळेल."

"ते तं त्याले नदीवर बी भेटते."

सरांना माझी गंमत वाटली. खुर्चीत मागे रेलून ते म्हणाले, "बरं दलाल, बोला. काय हवंय तुमच्या मालाला?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कापसाच्या बाजारात त्या काळी भाव तोंडानं बोलत नसत. विकणारा आणि घेणारा हातांवर दुपट्टा टाकत आणि खाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवत. शेजारी उभ्या माणसालाही काही कळत नसे. हात घट्ट दाबून सोडला की सौदा पक्का. त्यावर कागद नाही, साक्षीदार नाही, आणि तरी तो मोडलेला मी पाहिला नव्हता. सौदा मोडणाऱ्याचा हात बाजारात पुन्हा कुणी धरत नाही.

मी गळ्यातला दुपट्टा काढून हातावर टाकला आणि हात सरांपुढे केला. "नाव पाह्यजे. बक्षिसाच्या दिवशी, लाउडस्पीकरवर. गानारा हा होता म्हनून."

सरांनी दुपट्ट्याखाली हात घातला आणि माझा हात दाबला. गरम, मऊ हात होता, खडूची भुकटी लागलेला. "कबूल," ते म्हणाले, आणि पुन्हा हसले. त्या हसण्याकडे मी लक्ष दिलं नाही. बाजारात हात दाबताना हसणारे मी पुष्कळ पाहिले होते. सौदा तरी ते पाळतच.

घरी जाताना तो म्हणाला, "काऊन बे येवढं तानलं? सर नाई म्हनले असते तं?"

"नाई म्हनले असते तं राजपुत्र मुका झाला असता."

तो खूप हसला. मग म्हणाला, "मायनं जिनात बोलून ठेवलं हाय. सोमवारपासून कामाले जा म्हनते. म्या म्हनलं, माय, इतवार होऊ दे. सरायनं माह्यं नाव घेतलं तं मले मॅट्रिकपर्यंत राहू दे. माय म्हने, एवढ्या लोकाइत नाव घेतलं तं राह्यजो."

म्हणजे सौदा नुसत्या मानाचा नव्हता. त्याची शाळा त्यावर टांगलेली होती.

शनिवारी दिवेलागणीला नाटक झालं. सिंहासन म्हणजे प्रयोगशाळेतलं टेबल, वर खुर्ची, आणि सगळ्यावरून जमिनीपर्यंत सोडलेलं लाल लुगडं. हा खाली गुडघ्यात मान घालून बसला. माझ्याकडे पडद्याची दोरी होती, त्यामुळे विंगेतून मला लुगड्याच्या काठाखालून त्याचा एक हात दिसत होता. गाणं सुरू झालं तसा तो हात मातीवर हळूहळू ताल धरू लागला. वर राजपुत्र ओठ हलवत होता, आणि तो आवाज कुठून येतोय हे माहीत असूनही माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज माणसाचा वाटत नव्हता. जमिनीतून उगवल्यासारखा येत होता. समोर बायका डोळे पुसत होत्या. 'वन्स मोअर' आला. राजपुत्रानं वाकून नमस्कार केला, आणि खालचा पुन्हा पहिल्यापासून गायला. मध्ये एकदा त्यानं धुळीचा खोकला गिळला. तो मी पाहिला, पाहिला म्हणजे त्याची बोटं मातीत रुतताना पाहिली.

रविवारी दुपारी तो डोक्याला तेल चोपडून, माझा सदरा घालून आला. स्टेजच्या पायऱ्यांजवळ उभा राहिला. नाव पुकारल्यावर पाहुण्यांना थांबावं लागू नये म्हणून. वर्ध्याहून आलेले एक वकील पाहुणे होते. सर माइकवर नावं पुकारत होते. गाण्याचं बक्षीस आलं. चांदीचा पेला शेटजींच्या मुलाला मिळाला. पाहुणे म्हणाले, असा गळा जिल्ह्यात नाही.

आता, असं मला वाटलं. सरांनी मान वर केली. त्यांनी याला पाहिलं. अगदी सरळ पाहिलं, मीही त्यांना पाहताना पाहिलं. मग त्यांची नजर पुढच्या खुर्चीवर बसलेल्या शेटजींकडे गेली आणि ते म्हणाले, "सूतकताई, पहिला क्रमांक."

मी उभा राहून ओरडलो, "सर, एक नाव राह्यलं."

मांडव वळून माझ्याकडे पाहू लागला. ड्रिलमास्तरांनी माझा कान पिरगाळला आणि मला खाली बसवलं. सर माइकवर शांतपणे म्हणाले, "राहिलेली नावं नंतर."

तो पायऱ्यांजवळ शेवटपर्यंत उभा होता. राष्ट्रगीतालाही तिथेच. मांडव रिकामा झाला, गडी खुर्च्या उचलू लागले, एकानं त्याला बाजूला हो म्हटलं, तेव्हा तो हलला. मी सरांना गाठलं. ते म्हणाले, "अरे, ती गंमत होती. आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या मुलाचा पाणउतारा करायचा का?" त्या वर्षी ते हंगामी होते. पुढच्या वर्षी कायम झाले.

सोमवारी मला वाटलं तो जिनात गेला असेल. पण तो वाटेवर माझी वाट पाहत उभा होता, खांद्याला दप्तर. मी काही विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. फक्त नदीजवळ आल्यावर मी म्हटलं, "म्हन न एखांदं." तो म्हणाला, "नंतर." पुढे रोज तेच. हे तो सरांची नक्कल म्हणून बोलत होता की खरंच, मला कळलं नाही. त्यानंतर तो कधी गायला नाही.

होळीच्या आत त्याला मुदतीचा ताप आला आणि तो गेला. ताप नाटकामुळे आला असं मी म्हणत नाही. त्या वर्षी तापानं पुष्कळ पोरं गेली.

मी त्याच्या घरी गेलो. मावशी, म्हणजे त्याची आई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "बाबू, सरायनं भोंग्यावर त्याचं नाव घेतलं, पूरं गाव आयकत होतं म्हने. तू होता न तथी?"

तेव्हा मला कळलं की सोमवारी तो शाळेत कसा आला. मी "होतो न मावशी" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो.

त्या पुढे कितीतरी वर्षं जगल्या. रस्त्यात भेटल्या की तेच विचारायच्या, आणि मी तेच सांगायचो. मी अडत काढली, घर बांधलं, मुलांची लग्नं केली. पण कुठेही माइकवर नावं पुकारायला लागले, लग्नात, सभेत, निवडणुकीच्या मोजणीत, की माझे कान टवकारतात. शेवटचं नाव झाल्यावरही मी उठत नाही. बायको बाही ओढते. भाव ठरवताना समोरचा "नंतर बोलू" म्हणाला की मी इतका भडकतो की लोकांना वाटतं भावावरून. आणि थंडीत कधी रिकाम्या स्टेजजवळून गेलो तर मी टेबलाखाली पाहत नाही. तिथून गाणं येईल अशी भीती नाही. तिथे कुणीतरी अजून गप्प बसलेलं असेल, अशी आहे.

मावशी होत्या तोवर मी तोंड उघडलं नाही. बोललो असतो तर पोरगा आपल्याशी खोटं बोलला हे त्यांना कळलं असतं. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. आता मला अडवणारं कुणी नाही.

शाळेची मंडळी परवा अडतीवर आली होती. या वर्षीच्या संमेलनाआधी पक्कं स्टेज बांधायचं आहे, ते मी बांधून द्यावं, त्यावर माझं नाव घालू म्हणाले. आणि त्याच आठवड्यात सरांचा सत्कार आहे, आदर्श शिक्षक म्हणून. मी म्हटलं, स्टेज देतो, माझं नाव नको. सरांनी आधी एक नाव माइकवर घ्यावं. मंडळी सरांकडे जाऊन आली. सरांना काही आठवत नाही म्हणे.

म्हणून हे लिहिलं. यात मी कुणाचं नाव घातलेलं नाही. त्याचंही नाही, कारण ते घ्यायचं मी कबूल केलं नव्हतं, तुम्ही केलं होतं. सर, तुम्ही त्याला पायऱ्यांजवळ उभं असलेलं पाहिलंत. आठवत नाही हे उत्तर मी घेणार नाही. सत्काराच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसणार आहे. त्या संध्याकाळी कोण गायलं ते उभं राहून सांगा, आणि दुसऱ्या दिवशी का सांगितलं नाही तेही सांगा.